शब्बीर, रांग पुढे सरकली

शब्बीर, तुझ्या जनाज्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला. तुला कोणी सांगितला असण्याची शक्यता नाही, म्हणून आधी तोच सांगून टाकतो.

बल्लारपूरच्या तुमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मीही खांदा द्यायला गर्दीत घुसलो. आमच्याकडची पद्धत मला ठाऊक होती: चौघांनी उचलायचं आणि विसाव्याच्या जागेपर्यंत तेच चौघे. तुमच्याकडची रीत वेगळी. पुढून माणूस शिरतो, खांदा देतो, थोडी पावलं चालतो, मागे सरकत सरकत बाहेर पडतो. तोवर पुढे नवा माणूस आलेला असतो. जनाजा कुठे थांबत नाही, खालून माणसंच वाहत राहतात. हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढचा दांडा खांद्यावर आला आणि मी तो घट्ट धरला. मनात म्हटलं, इतकी वर्षं यानं आपल्याला मोटरसायकलवर मागे बसवून राजुऱ्याच्या कॉलेजात शिकवायला नेलं, आज आपण याला नेऊ, अगदी शेवटपर्यंत.

माझ्या मागचे अडले. पुढून येणाऱ्यांना शिरायला फट मिळेना. कोणी काही बोलेना, कारण सगळ्यांना माहीत होतं मी तुझा कोण. शेवटी तुझे मामू माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "सर, जरा मागे सरका. लोक थांबून राह्यले."

आणि मला हसू फुटलं रे. जनाज्याखाली! कारण हेच वाक्य मी आयुष्यभर तुझ्या तोंडून ऐकत आलो होतो. कॉम्प्युटरच्या तासाला फळ्यावर रांगेचा प्रोग्रॅम लिहिताना पुढचा माणूस काढून घेतल्यावर 'फ्रंट'ची खूण एक घर पुढे न्यायची असते, आणि मी दरवर्षी तेवढंच विसरायचो. तू माझ्या तासाला उगाच मागच्या बाकावर येऊन बसायचास आणि तिथून ओरडायचास, "वासू सर, फ्रंट सरकवा! लोक थांबून राह्यले!" पोरं बाकं वाजवायची.

मी मान खाली घालून हसत होतो, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. लोकांना वाटलं सर कोसळतात की काय. एका अनोळखी माणसाने मला रुमाल दिला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. मग मी सरकलो. मागच्या दांड्याला खांदा दिला, बाहेर पडलो, आणि माझ्या जागी कोणीतरी आलेलं होतं.

तर शब्बीर, एक मोठी बातमी द्यायची आहे. पण तू रांगेचा माणूस. मधूनच घुसलेलं तुला चालायचं नाही. म्हणून क्रमाने सांगतो.

लोक अजून मला विचारतात, एकच विषय दोन मास्तर कसे काय शिकवायचे? मी सांगतो, त्याचं असं होतं. कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात स्टॅक आणि क्यू नावाच्या दोन गोष्टी असतात. स्टॅक म्हणजे ढीग: सगळ्यात शेवटी ठेवलेलं सगळ्यात आधी निघतं. क्यू म्हणजे रांग: आधी आलेला आधी सुटतो. या दोन्ही गोष्टी दोन तऱ्हांनी बांधता येतात. एक तऱ्हा ॲरेची. म्हणजे वर्गातली बाकं, एकाला एक लागून, आधीच मोजून ठेवलेली. दुसरी लिंक्ड लिस्टची. म्हणजे माणसं कुठेही पांगलेली असोत, प्रत्येकाला फक्त आपल्यानंतरचा कोण ते माहीत. त्या माहितीला पॉइंटर म्हणतात. सरळ सांगायचं तर पत्ता. आणि पत्ता म्हटलं की माझा घोळ ठरलेला. सख्ख्या साडूच्या घरी जाताना मी अजून गल्ली चुकतो. तेव्हा ॲरे मी घेतला, लिंक्ड लिस्ट तू घेतलीस, आणि मग आपण दोघं आपापल्या हिश्शाचे पक्के अभिमानी झालो. घराच्या वाटणीनंतर भाऊ होतात तसे.

तू म्हणायचास, "अबे, तुझ्या रांगेत पुढच्या खुर्च्या मोकळ्या पडल्या आहेत, आणि मागे भिंत लागली म्हणून तू माणसाले सांगून राह्यला, जागा नाई! हा काय न्याय झाला?"

मी म्हणायचो, "म्हणून तर मी रांग गोल फिरवतो. शेवटची खुर्ची भरली की पुन्हा पहिलीवर."

"गोल फिरव नाईतर चौकोनी फिरव. शेवटी खुर्च्या तेवढ्याच नं बे? माझ्याकडे येईल त्याला जागा आहे."

"आणि त्यातला एक हरवला की मागचे सगळे हरवले!"

"हरवत नाई कोणी. एकमेकाचा हात धरलेला असते."

वर्धा नदीच्या पुलावर हे भांडण रोज व्हायचं. तू पुढे हँडल धरून, मी मागे, आणि कोळशाच्या ट्रकांच्या आवाजावर आवाज काढत दोघंही किंचाळतोय. समोर ट्रक बंद पडून रांग लागली की तू लगेच मान वळवायचास, "बघ, तुझा ॲरे!" मी म्हणायचो, "समोर बघ बाबा, नाहीतर दोघांचेही पत्ते बदलतील."

तुमच्या दुकानातला तो दिवस आठवतो? नसीमभाभींच्या बांगड्यांच्या दुकानात तू मला स्टॅक दाखवायला नेलं होतंस, जसा काही मी तो पहिल्यांदाच बघणार होतो. एका गिऱ्हाईक बाईला लाकडी दांड्यावरची नेमकी तळातली बांगडी पसंत पडली, आणि भाभी वरच्या सगळ्या बांगड्या एकेक करून उतरवू लागल्या. तू डोळे मिचकावून म्हणालास, "वरची काढल्याशिवाय खालची नाई. स्टॅक!" मी म्हटलं, "दांडा केवढा आहे? तेवढ्याच बांगड्या बसतील. म्हणजे तुझ्या घरातसुद्धा ॲरेच चालतो." मला वाटलं, आज जिंकलो. तेवढ्यात भाभींनी, आपल्याकडे न बघता, दांड्यावर न मावलेल्या बांगड्या उचलल्या, एकीला दोरा बांधला, तो दुसरीत अडकवला, दुसरीचा तिसरीत, आणि खिळ्याला ती लांबलचक माळ टांगून दिली. तू दुकानात नाचलास रे. भर बाजारात. गिऱ्हाईक बाई बांगडी न घेताच निघून गेली आणि भाभी आपल्या दोघांवर ओरडल्या, "तुमच्या कॉलेजले सुट्टी नसते का?"

सुगंधाचं प्रकरण तू सुरू केलंस. जिवतीच्या पहाडावरून राजुऱ्याला शिकायला आलेली ही पोरगी लेखी परीक्षेत नेहमी वर, पण मागच्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. लिंक्ड लिस्टवर रांग बांधायची होती. तिने बांधली, चालवून दाखवली. बाहेरून आलेल्या परीक्षकाने सांगितलं, सगळी रांग रिकामी करा आणि पुन्हा भरा. तिथे प्रोग्रॅम कोलमडला, आणि घाबरून तिला पुढे एक अक्षर सुचलं नाही. घरच्यांनी ठरवलं, यंदा एक संधी. नाही जमलं तर परत गावी, मग शिक्षण संपलं. तिची आई तिला न्यायलाच आली होती खरं तर. कॉलेजच्या पायरीवर बसली होती, सोबत मोहफुलांची पुरचुंडी, सरांना द्यायला. तू तिच्या शेजारी खाली पायरीवर बसलास आणि म्हणालास, "बाई, यंदा पोरगी पास होऊनच घरी येते. माझी जबान आहे."

मी तिथेच उभा होतो. नंतर तुला म्हटलंही, "अशी जबान देतात का? परीक्षा तिची, परीक्षक बाहेरचा."

तू म्हणालास, "तू कायले घाबरून राह्यला? जबान मी दिली आहे."

जबान तू दिलीस आणि तू निघून गेलास. प्रॅक्टिकल तोंडावर, लिंक्ड लिस्टवरचा स्टॅक शिकवून झालेला, आणि रांग राहिलेली. नेमकी रांग!

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशीचं पुलावरचं बोलणं मला सोडत नाही. मी माझं हुकमी अस्त्र काढलं होतं: "तुझ्या लिंक्ड लिस्टमध्ये मधल्या माणसाला भेटायचं असेल तर पहिल्यापासून एकेकाला विचारत यावं लागतं. माझ्याकडे थेट त्याच्या बाकापाशी जाता येतं. बोल!" तू समोरचा ट्रक मागे टाकलास. मग म्हणालास, "याचं उत्तर आहे माझ्यापाशी. असं उत्तर आहे की तू पुन्हा ॲरेचं नाव नाई घेणार. पण उद्या. असं उत्तर गाडीवर नसते देत."

सकाळी तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो आणि, खरं सांगतो, तुझ्या त्या उत्तरावर काय प्रत्युत्तर द्यायचं याचीच जुळवाजुळव करत होतो. आता मी कितीतरी उत्तरं तुझ्या वतीने तयार करतो आणि स्वतःच खोडतो. कधी वाटतं, तुझ्याकडे उत्तर नव्हतंच, तू वेळ मारून नेत होतास. तसं असेल तर फार लांबवलंस बुवा.

तर तुझा हिस्सा माझ्याकडे आला. मी पुस्तक घेऊन बसलो. डब्बे काढले, बाण काढले. वर्गात फळ्यावर एवढे बाण झाले की कोळ्याने जाळं विणावं तसा फळा दिसू लागला, आणि मी त्यात अडकलेली माशी. पोरं हसली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जशी आपण लग्नात गाणं म्हणायला उठलेल्या मामाकडे बघतो.

सुगंधा उठली. "सर, शब्बीर सर बाण नाई काढत होते."

"मग काय करायचे?"

"बोलत होते."

तिने तिचा प्रोग्रॅम दाखवला. रांगेत मागून माणूस घालायचा, पुढून काढायचा, सगळं ठीक. रिकामी करून पुन्हा भरली की तोच मागच्या वर्षीचा गोंधळ. आत टाकलेला माणूस गायब! मी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. चूक कुठे आहे ते मला दिसेना. तिला म्हटलं, उद्या सांगतो. म्हटल्यावर लक्षात आलं, हे तुझंच वाक्य. आणि त्या 'उद्या'ची मला मनापासून भीती वाटली.

मार्ग सुचला तो जेवताना. तुझ्या मंदावहिनीने ताटात भात वाढला. आईने गावाहून पाठवलेल्या तांदळाचा होता. आणि मला राईस मिल आठवली.

तुलाही आठवत असेलच. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी तू माझ्यासोबत चामोर्शीकडच्या आमच्या गावी आला होतास. झाडीपट्टीचं नाटक बघायचा तुला भारी सोस. आपण पोचलो तर घराला कडी, आणि शेजारीण म्हणाली, आई धान भरडायला मिलवर गेली, सकाळपासूनच. आपण मिलवर गेलो. मोटर बंद. चिटपाखरू नाही. आणि आई आपल्या धानाच्या पोत्यावर, चुंगडीवर, हनुवटीखाली हात देऊन बसलेली.

"आई, काऊन बसली इथी?"

"नंबर लावला आहे."

आमच्या मिलवर कोणी उभं राहून रांग लावत नाही, हे मी तुला तोवर सांगितलं नव्हतं. तिथे बाई येते आणि झाडाखाली बसलेल्यांना विचारते, "आखरीले कोण आहे?" ते सांगतील त्या बाईला जाऊन म्हणते, "तुह्या मागं मी." मग कुठेही जाऊन बसते, पानठेल्यापाशी, लिंबाच्या सावलीत, मैत्रिणीच्या अंगणात. जिचं धान भरडून झालं ती हाक मारते, "ये गो, तुहा नंबर." बस. कोणाला संपूर्ण रांग माहीत नसते. प्रत्येकीने हाकेसाठी एकच नाव ध्यानात ठेवायचं, आपल्या मागचं.

"कोणाच्या मागं नंबर आहे आई?" मी विचारलं.

"शांतीच्या. तिचं झालं का मले आवाज देईल."

मिलवाला आतून भाकर चावत बाहेर आला. "शांताबाई? ते तर कवाचीच गेली! तिच्या मागं कोणीच नव्हतं, म्हणून मी मोटर बंद केली. मले वाटलं तुम्ही कोणाची वाट पाहून राह्यल्या."

झालं होतं असं की शांताबाई त्या दिवसाची शेवटची. तिचं धान झालं, हाक मारायला मागे कोणी नाही, ती चुंगडी डोक्यावर घेऊन घरी गेली. पण झाडाखाली नुसत्या गप्पा मारत बसलेल्या लोकांच्या तोंडी शेवटचं नाव तिचंच राहून गेलं. मग आई आली. "आखरीले कोण?" "शांता." आईने शांताबाईला शोधलंही नाही, बसली असेल कुठेतरी, म्हणून आपली तिच्या मागे बसून राहिली. शांताबाई घरी जेवून झोपली होती आणि माझी आई तिच्या हाकेची वाट बघत होती.

तू तिथे तोंड दाबून हसू आवरलंस, आईची चुंगडी स्वतः उचलून आत नेलीस. पण परतताना शेताच्या धुऱ्यावर पोचल्यावर जो बसलास, पोट धरून! उठेनास. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणालास, "वासू, ही माझ्या पुस्तकातली चूक आहे. हुबेहूब. पण मी वर्गात नाई सांगणार. आईचं नाव पोरांनी हसण्यावारी नाई न्यायचं."

आणि नाहीच सांगितलंस. इतकी वर्षं. वर्गात टाळ्या घेणारी गोष्ट हाताशी असताना, तुझ्यासारख्या वात्रट माणसाने ती माझ्या आईसाठी पोटात ठेवली. याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. आज बोलतो. मोठा माणूस होतास बे.

मी ताटावरूनच आईला फोन लावला. म्हटलं, "आई, ती मिलची गोष्ट पोरांना सांगू का? तुझी परवानगी पाहिजे."

आई म्हणाली, "सांग नं. पण शांतीचं नाव बदलू नको. तिची बी थोडी बदनामी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली नेला. फळा नाही, बाण नाहीत. एकाला मिलवाला केलं, एकीला शांताबाई, बाकीच्या पोरापोरींना चुंगड्या म्हणून दप्तरं दिली आणि सांगितलं, पांगा. येणाऱ्याने विचारायचं, आखरीले कोण. ज्याचं झालं त्याने मागच्याला हाक मारायची. काय रंगलं म्हणून सांगू! एकेक हाक मारतोय, एकेक सुटतोय. तुझी लिंक्ड लिस्ट कॉलेजच्या पटांगणात चालत होती, भांडत होती, एकमेकांची दप्तरं ओढत होती. शेवटची शांताबाई सुटली आणि घरी गेली, म्हणजे सायकल स्टँडवर जाऊन बसली. मग मी सुगंधाला आत सोडलं.

"आखरीले कोण?"

पोरं एका आवाजात ओरडली, "शांताबाई!"

सुगंधा दप्तर घेऊन बसली. मिलवाला मोकळा बसलेला. ती वाट बघतेय. पोरांना हसू आवरेना. मी विचारलं, "काऊन बसली गं?"

"सर, शांताबाई आवाजच देऊन नाई राह्यली..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून ती ताडकन उठली. "सर! ते गेली आहे! आखरीचं नाव पुसाचं राह्यलं!"

आणि पळाली. सरळ लॅबमध्ये. चपला लिंबाखाली, दप्तर लिंबाखाली. मी पोचेपर्यंत तिने ती ओळ लिहिलीसुद्धा होती: पुढचा माणूस काढल्यावर पुढे कोणीच उरलं नसेल, तर मागची खूणही पुसून टाकायची. रिकामी केली, भरली. पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली. दर वेळी माणूस जागेवर हजर! मी तिच्या मागे उभा होतो आणि मला पहिल्यांदा पॉइंटर कळला, शब्बीर. पन्नाशीला आलेल्या माणसाला, विद्यार्थिनीच्या पाठीमागे उभं राहून. तू हवा होतास, असं लिहिणार होतो. पण तू होतासच. मागच्या बाकावर कोणी बसलं नव्हतं, तरी मी दोनदा वळून बघितलं.

पोरांना आईची ती सगळी गोष्ट मी त्याच दिवशी सांगून टाकली. प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. कडक इस्त्री, कडक चेहरा, चहा नको म्हणाले. सुगंधाने चिठ्ठी उचलली, उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं काय निघालं ते. मी शेजारचा एक मॉनिटर पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

तिने लिहिलं, चालवलं. परीक्षक म्हणाले, "ठीक. आता पूर्ण रिकामी करा." केली. "पुन्हा भरा."

तिने एक माणूस आत टाकला आणि तो दिसला. दुसरा टाकला, तोही दिसला. मी मॉनिटरवर कपडा तसाच दाबून धरला होता.

परीक्षक वाकले, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ही ओळ कशासाठी टाकली? पाठ केली की समजली?"

सुगंधा घाबरली, आणि घाबरली की ती सरळ पहाडावरची भाषा बोलते. "सर, शांताबाई घरी गेली नं, मंग तिच्या मागं कायले बसाचं?"

परीक्षक सरळ झाले. माझ्याकडे वळले. "कोण शांताबाई?"

"आमच्या गावच्या, सर," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो!

मग सुगंधानेच सगळं सांगितलं. मिल, लिंब, चुंगडी, झोपलेली शांताबाई. अडखळत सुरुवात केली, पण मिलवाला भाकर चावत येतो तिथवर पोचेपर्यंत ती अशी खुलली की तुझीच आठवण झाली. परीक्षकांनी चष्मा काढला. इस्त्रीचा शर्ट हलायला लागला. हसून हसून डोळे पुसले, चहा मागवला, आणि पुढच्या प्रत्येक पोराला रांग आली की पहिला प्रश्न, "शांताबाईचं नाव पुसलं का?" आणि एकूण एक पोरगं छाती काढून, "पुसलं सर!"

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. सगळे पास. सुगंधा पास, आणि अशी पास की परीक्षक जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हे तुम्ही फार छान शिकवलंत." मी म्हटलं, "आम्ही दोघांनी शिकवलं." त्यांनी आजूबाजूला बघितलं.

पोरांनी तुझ्या नावाने जो गलका केला तो पुलापर्यंत ऐकू गेला असेल. सुगंधाने पायरीवर उभं राहूनच आईला फोन लावला. पहाडावर रेंज येत-जात असते, म्हणून ओरडून सांगत होती, "पास झालो माय! पास!" मग जरा थांबली, ऐकलं, आणि फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"काय म्हणते आई?"

"म्हणते, त्या जबान देणाऱ्या सरले सांगतलं का? तिले ठाऊक नाई सर, का ते नाई राह्यले." तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर अजून हसूच होतं. "सर, शब्बीर सरले कोण सांगेल?"

"मी सांगतो," मी म्हटलं.

म्हणून हे लिहिलं, शब्बीर. तुझी जबान राहिली. नुसती राहिली नाही, ढोल वाजवत राहिली. पोरगी पास होऊनच घरी गेली.

त्याच संध्याकाळी मी मंदाला घेऊन तुझ्या घरी आलो. भाभी इद्दतीत आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसलो आणि मंदा आत गेली. दारातून आवाज येत होते. मंदा सांगत होती आणि भाभी मध्ये मध्ये म्हणत होत्या, "सगळे? फिर से बोलो." मंदा पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मला वाटतं त्या दिवशी भाभींनी तेवढंच ऐकलं, पण पोटभर ऐकलं.

परतताना मी गाडी चालवत होतो. हो, आता मीच चालवतो. मंदा मागे. मी तिला म्हटलं, "आज जाहीर करून टाकतो. मी हरलो. लिंक्ड लिस्टच भारी. आजपासून मी शब्बीरच्या बाजूने." म्हणताना आवाजात ऐट होती, पण समोरून 'काऊन बे?' म्हणणारं कोणी नव्हतं. रस्ता मोकळा होता, आणि तो तसा मोकळा मला सोसवत नव्हता.

मंदा जरा पुढे सरकली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, वाऱ्यात ऐकू यावं म्हणून जरा ओरडूनच म्हणाली, "तुम्ही शब्बीरभाऊची बाजू घेतली नं? घ्या. तुमची बाजू आता मी घेते. मले त्यातलं काही समजत नाई, पण तुमाले तरी कुठी समजत होतं?"